पाण्याला वाट नव्हती

कथेतला राजपुत्र घर सोडून निघतो, त्या ठिकाणी, बोलणे ऐकून ते लिहून काढणाऱ्या मशीनने मला अगदी स्वच्छ मजकूर लिहून दिला होता: ‘राजपुत्र चालत चालत जंगलात पोहोचला. पाय थकले, पण वाट संपली नाही.’ शुद्धलेखन बरोबर, विरामचिन्हे जागच्या जागी, अर्थाला कुठेही धक्का नाही. केवळ मजकूर वाचत गेले असते तर या दोन वाक्यांपाशी मी थांबलेही नसते. पण त्या रात्री हेडफोन कानाला होते आणि ती कथा तोंडी सांगणाऱ्या आबांचा आवाज चालू होता: ‘चालला. चालला... चालला...’ आणि मग जवळजवळ पुटपुटल्यासारखे चौथ्यांदा ‘चालला’. त्यानंतर एक मोठा श्वास, आणि मग: ‘पाय संपलं, पर वाट न्हाय संपली.’ मी घड्याळ लावून मोजले, एवढ्याला १९ सेकंद लागतात. प्रत्येक ‘चालला’ आधीच्यापेक्षा सावकाश येतो, आणि चौथ्यापर्यंत ऐकणाऱ्याचेच पाय दुखू लागतात. मशीनने त्या चौघांचे ‘चालत चालत’ करून टाकले होते आणि संपलेल्या पायांना ‘थकले’ हा सभ्य शब्द दिला होता.

आबांच्या ११ कथा गेली दीड वर्षे माझ्याकडे आहेत. सगळे ध्वनिमुद्रण मिळून साधारण नऊ तासांचे आहे. हाताने उतरवून काढायचे तर एका तासाच्या बोलण्याला चार ते सहा तास सहज लागतात, आणि बोली असेल, मागे पंखा घरघरत असेल, मध्येच कोणी दार वाजवत असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून मी सॉफ्टवेअरकडे वळले. त्याने नऊ तासांचे बोलणे दुपारच्या चहाची आठवण होण्याआधी उतरवून दिले, आणि त्यानंतरचे दीड वर्ष मी ते काय उतरवले आहे हे समजून घेण्यात घालवले. ही तक्रार नव्हे. मशीन नसते तर या कथा अजूनही फोनच्या एखाद्या फोल्डरमध्ये पडून राहिल्या असत्या, हे मला पुरते ठाऊक आहे.

चार ‘चालला’ कुठे गेले हे समजण्यासाठी या सॉफ्टवेअरची घडण थोडी पाहावी लागते. या वर्गातले सर्वांत परिचित नाव म्हणजे ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले व्हिस्पर. ते ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणांवर आणि त्यांच्या सोबतच्या लिखित मजकुरावर शिकवले गेले. त्यात इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांचे मिळून सुमारे १ लाख १७ हजार तास होते, आणि त्यात मराठीचा वाटा अत्यल्प. आवाजाचे ३० सेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचे ध्वनिचित्र, म्हणजे आवाजाचे डोळ्यांना दिसेल असे रूप, करायचे, आणि त्याकडे पाहत पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधत जायचे, अशी त्याची रीत आहे. म्हणजे ते एकाच वेळी दोन कामे करते: कानाचे आणि भाषा जाणणाऱ्या लेखनिकाचे. कान कमी पडला की लेखनिक पुढे सरसावतो. शिवाय ज्या लिखित मजकुरावर ते शिकले तो माणसांनी वाचण्यासाठी तयार केलेला असतो, आणि माणसे तसे लिहिताना अडखळणे, ‘म्हणजे’, ‘ते आपलं’, दोनदा बोललेला शब्द हे सगळे गाळतात. मशीन ते गाळणेही शिकले. मी स्वतः कोणते सॉफ्टवेअर वापरले हे येथे सांगत नाही, कारण ही खोड कोणा एकाची नाही.

सभेतल्या भाषणासाठी किंवा मुलाखतीसाठी ही खोड उपकारकच आहे. मौखिक कथेत मात्र द्विरुक्ती हे अडखळणे नसते. ते अंतर असते, काळ असतो, कधी दरारा असतो. गंमत अशी की, जिथे आबांनी शब्द चार वेळा म्हटला तिथे मशीनने तो ‘चालत चालत’ मध्ये उरकला, आणि जिथे आबा पूर्ण गप्प होते तिथे मात्र त्याला बोलण्याची उबळ आली. राक्षस दाराशी येऊन उभा राहतो त्या जागी आबा बराच वेळ काहीच बोलत नाहीत. त्या शांततेत मशीनने ‘आणि मग तो आला, आणि मग तो आला, आणि मग तो आला’ अशी सहा ओळींची माळ ओवली होती. पहिल्या वाचनात मला ती आबांचीच वाटली, आणि सुंदरही वाटली; आधी गाळलेली द्विरुक्ती जणू व्याजासकट परत आली होती. ध्वनिमुद्रणात त्या जागी फक्त पंखा आहे.

शांततेतून वाक्ये उगवण्याचा हा प्रकार आता अभ्यासकांच्याही परिचयाचा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात व्हिस्परने उतरवलेल्या सुमारे १ टक्का तुकड्यांमध्ये, कोणी न उच्चारलेली अख्खी वाक्ये किंवा वाक्यांश सापडले होते, आणि ज्यांच्या बोलण्यात दीर्घ विराम असतात त्यांच्या बाबतीत ही शक्यता वाढते असे दिसले होते. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु कथा सांगणाऱ्याची सगळी करामतच विरामात असते, तेव्हा हा एक टक्का नेमका तिच्या मर्मावर येऊन पडतो.

म्हणून मशीनच्या चुकांचे मी मनाशी दोन भाग केले आहेत: मळक्या चुका आणि धुतलेल्या चुका. ‘अन् मग’ याचे ‘आनंद मग’ होते, भाषा निवडून दिली नाही तर मराठी वाक्यात मध्येच ‘है’ डोकावतो, ‘ळ’ चा ‘ल’ होतो. या मळक्या चुका. त्या डोळ्यांत खुपतात आणि दुरुस्त होतात. धुतलेली चूक खुपत नाही, कारण लेखनिकाने ती व्याकरणात नीट बसवलेली असते. आबा एका ठिकाणी म्हणतात, ‘आला न्हवं त्यो!’ म्हणजे आला की नाही तो, आलाच की. मशीनने लिहिले, ‘तो आला नव्हता.’ वाक्य शुद्ध, कथा उलटी. पुढची अर्धी कथा ‘न आलेला’ माणूस सगळी कामे करत फिरतो, आणि वाचणाऱ्याला वाटते, आबांची स्मृती आता पहिल्यासारखी राहिलेली नाही.

अशा सॉफ्टवेअरची गुणवत्ता मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे शब्दांमागे चुका मोजणे. बरोबर संहितेशी ताडून किती शब्द बदलले, किती गळले, किती जास्तीचे आले, यांची बेरीज करायची आणि तिला बरोबर संहितेतल्या एकूण शब्दांनी भागायचे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्यामुळे ‘पाण्याला’ ऐवजी ‘पाण्यात’ लिहिले तरी पूर्ण शब्द चुकला असे धरले जाते, म्हणून काही ठिकाणी अक्षरांमागेही चुका मोजतात. मी माझ्या एका कथेवर हा हिशेब करून पाहिला आणि लवकरच तो बाजूला ठेवला. त्या हिशेबात ‘न्हवं’ चा ‘नव्हता’ होणे ही एक चूक, आणि ‘आन्’ चा ‘आणि’ होणे हीसुद्धा एकच चूक. पहिलीने कथा मारली, दुसरीने फार तर तिचा सदरा बदलला.

कामाची जी रीत हळूहळू बसत गेली ती सांगते. प्रत्येक कथेच्या तीन फाइली असतात. पहिली म्हणजे मूळ आवाज, ज्याला हात लावायचा नाही. दुसरी जशीच्या तशी उतरवलेली संहिता, जिच्यात आबांचा प्रत्येक ‘आँ’, खोकला, मध्येच ‘पानी आन गं’ हेसुद्धा आहे, आणि दर वाक्यापुढे मिनिट-सेकंद आहेत. तिसरी म्हणजे वाचकासाठी संपादित केलेली कथा. पहिलीवरून दुसरी करणे हे दुरुस्तीचे काम. दुसरीवरून तिसरी करणे हे निर्मितीचे. ही दोन कामे एका बैठकीत केली की घोटाळा होतो, कारण दुरुस्ती करता करता हात आपोआप सुशोभन करू लागतो, आणि पुढे आठवतही नाही की हा शब्द आबांचा की आपला. आणखी एक पथ्य मी पाळते: मशीनची संहिता उघडण्यापूर्वी कथा एकदा डोळे मिटून ऐकायची. एकदा का छापील शब्द डोळ्यांपुढे आले की कान त्यांच्याशीच हातमिळवणी करतो. ‘आला नव्हता’ हे समोर लिहिलेले असताना मी तो तुकडा तीन वेळा ऐकला होता, आणि तिन्ही वेळा मला ‘आला नव्हता’ असेच ऐकू आले होते.

दुरुस्तीच्या कामात सॉफ्टवेअरचा उपयोग मी आता वेगळ्या तऱ्हेने करते. एका मित्राने मला एक छोटी सोय करून दिली. ज्या शब्दांविषयी मशीनला स्वतःलाच खात्री कमी आहे, त्यांना पिवळा रंग येतो. सुरुवातीला मी इमानदारीने पिवळे शब्दच तपासत असे. पुढे लक्षात आले की धुतलेल्या चुका बहुधा पांढऱ्याच राहतात, कारण लेखनिकाला आपल्या वाक्याची खात्री असते. म्हणून आता त्याच तुकड्यावर दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर चालवते आणि जिथे दोघांचे जमत नाही तिथे थांबते. दोघे भांडतात तिथे बहुतेक वेळा आबांची बोली असते. आणि दोघांचे एकमत होऊनही दोघे चुकतात, अशी जागा शेवटी कानालाच शोधावी लागते. तिला दुसरा उपाय मला अजून सापडलेला नाही.

निर्मितीच्या कामात मात्र मी पहिली मोठी चूक केली ती मोह म्हणूनच सांगावी लागेल. जशीच्या तशी संहिता एका भाषा-मॉडेलला, म्हणजे सांगू तसा मजकूर लिहून देणाऱ्या सॉफ्टवेअरला, देऊन मी म्हटले, ‘याची चांगली कथा कर.’ त्याने केली. काही सेकंदांत तिथे ‘घनदाट अरण्य’ आले, राजपुत्र ‘क्षणाचाही विलंब न लावता’ निघाला, राक्षसाने ‘विकट हास्य’ केले, आणि शेवटी ‘खरे धैर्य मनात असते’ असे तात्पर्य येऊन बसले. आबांच्या ११ कथांपैकी एकीलाही तात्पर्य नाही. कथा संपली की ते ‘सपली’ म्हणतात आणि तंबाखूची डबी शोधतात. मला मॉडेलचा राग आला नाही. त्याने मागितले ते दिले. शाळेच्या मासिकाला मी स्वतः कधीकाळी अशाच कथा लिहिल्या आहेत.

त्यानंतर मी मागणे बदलले. ‘लिहू नकोस, फक्त प्रश्न विचार,’ असे मी त्याला सांगते. या कथेत ऐकणाऱ्याला कुठे प्रश्न पडेल, कोणते पात्र ओळख न देता येते, कोणती वस्तू पुढे उपयोगी पडते पण आधी सांगितलेली नाही, कोणता वाक्प्रयोग किती वेळा आणि कोणकोणत्या मिनिटाला येतो. या कामात ते अथक आहे आणि माझ्यापेक्षा बारकाईने पाहते. त्यानेच मला दाखवून दिले की ‘आता बघ कशी गंमत’ हे वाक्य आबा दर कथेत तीनदाच आणतात, आणि तिसऱ्यांदा आणतात तेव्हा गंमत नसते, कोणीतरी मरणार असते. दीड वर्ष ऐकूनही माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

त्याच्या प्रश्नांपैकी एकाने मला आठवडाभर अडकवून ठेवले. एका कथेत १२ व्या मिनिटाला राजपुत्राची बहीण अचानक उगवते आणि त्याला वाचवते. तोवर तिचा उल्लेखच नाही. आबा तिथे म्हणतात, ‘आगं हां, त्याला भन व्हती. सांगायचं ऱ्हायलं.’ आणि खोलीतली सगळी माणसे हसतात. मॉडेलचे म्हणणे, बहिणीला सुरुवातीला आणा. कथालेखनाच्या कोणत्याही नियमाने ते बरोबरच आहे. मी तसे करून पाहिले. बहीण दुसऱ्या परिच्छेदात आली, दारात उभी राहिली, भावाला निरोप दिला, आणि कथा घडीव झाली. पण तिचा येण्याचा झटका गेला. शिवाय मला एक शंका होती. दोन महिन्यांनी तीच कथा आबांनी पुन्हा सांगितली, तेव्हा १२ व्या मिनिटाच्या आसपास बहीण पुन्हा ‘सांगायची राहिली’ होती, आणि माणसे पुन्हा हसली. विसरणे हाच त्यांचा डाव होता. मी बहिणीला तिच्या जागी परत नेऊन ठेवले, आणि हशाही कंसात ठेवला.

सांगितलेली कथा छापताना ती घडीव करण्याचा मोह मशीनच्या फार आधीचा आहे. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी परीकथांचा पहिला खंड १८१२ मध्ये काढला आणि १८५७ पर्यंत त्याच्या सात मोठ्या आवृत्त्या झाल्या. मधल्या काळात विल्हेल्म ग्रिम त्या कथा घासूनपुसून नीटनेटक्या करत राहिला. पहिल्या आवृत्तीत मुलांना रानात सोडून देणारी सख्खी आई पुढच्या आवृत्त्यांत सावत्र झाली. म्हणजे आज जगभर पोहोचलेल्या त्या कपटी सावत्र आयांपैकी निदान काहींचा जन्म संपादकाच्या टेबलावर झालेला आहे. मला हे वाचून एकीकडे धीर येतो आणि दुसरीकडे भीती वाटते.

उलट टोकाचा प्रयोग अमेरिकेतल्या डेनिस टेडलॉक यांचा. झुनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या कथा त्यांनी १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आणल्या, तेव्हा सांगणाऱ्याने जिथे विराम घेतला तिथे ओळ तोडली, मोठा आवाज मोठ्या अक्षरांत छापला आणि पान कवितेसारखे दिसू दिले. संभाषणाच्या अभ्यासात गेल जेफरसन यांनी रुजवलेली चिन्हपद्धतीही याच जातीची: विरामाचे दशांश सेकंद कंसात, लांबवलेल्या स्वरापुढे अपूर्णविरामांची रांग. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, तेव्हा आवाजाची उंची दाखवण्याची ती युक्ती आपल्याला बंद आहे. पण आपल्याकडे अवग्रह आहे. ‘लांऽऽब’ असे लिहिले की मराठी वाचक तो शब्द आपोआप ओढून वाचतो, त्याला टीप द्यावी लागत नाही. मशीनला अवग्रह लिहिता येत नाही असे नाही, त्याला तो सुचत नाही. माझ्या तिसऱ्या फाइलीत मी विरामाला नवी ओळ आणि ओढलेल्या स्वराला अवग्रह एवढ्या दोनच खुणा ठेवल्या. चार ‘चालला’ चार ओळींवर गेले आणि शेवटच्याला ‘चाऽऽलला’ झाले. याहून जास्त खुणा केल्या की पान मशीनच्या आराखड्यासारखे दिसू लागते.

बोलीचे काय करायचे, या प्रश्नावर मी स्वतःला फार शहाणी समजत होते. आबा जसे बोलतात तसेच लिहायचे, ‘पानी’ म्हटले तर ‘पानी’, ‘व्हता’ म्हटले तर ‘व्हता’, हा माझा बाणा होता. मशीन सगळे प्रमाण करून टाकते म्हणून तर मी ते इतक्या कष्टाने परत आणत होते. पहिली कथा पूर्ण झाल्यावर मी ती आबांना वाचून दाखवली आणि कौतुकाने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येते. त्यांनी अर्धे पान वाचले आणि विचारले, ‘पोरी, मी असा आडान्यावानी बोलतो व्हय?’

‘आबा, तुम्ही बोललात तसंच लिहिलंय.’

‘बोलताना ठीक हाय. लिवताना मान्सानं नीट लिवावं.’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आवाजात जे डौलदार वाटते तेच कागदावर हेटाळणीसारखे दिसू शकते, कारण मराठी वाचकाने छापील ‘व्हता’ बहुतेक वेळा विनोदी पात्राच्या तोंडीच पाहिलेला असतो. बऱ्याच बोलण्यानंतर आम्ही असे ठरवले: निवेदन सांगताना क्रियापदे प्रमाण, ‘ण’ च्या जागी ‘ण’ च, ‘न’ नाही; मात्र त्यांचे खास शब्द, वाक्याची ठेवण आणि पात्रांचे संवाद जसेच्या तसे. ‘पाय संपले, पण वाट नाही संपली.’ त्यात ‘थकले’ नाही आणि ‘संपली नाही’ असा सरळ क्रमही नाही. आबांना ते पटले. मला अजूनही ‘न्हाय’ ची हळहळ वाटते, पण कथा त्यांची आहे.

‘शब्दांकन’ हा आपल्याकडचा छापील शब्द मला या काळात फार विचारात पाडू लागला. एकाने सांगितले, दुसऱ्याने शब्दांत बांधले, एवढाच त्याचा साधा अर्थ. पण बांधणारे आता दोघे आहेत, आणि त्यांतल्या एकाला स्वतःचे असे काही आठवत नाही. मराठी गद्याच्या अगदी आरंभी याच स्वरूपाचे काम झाले होते, हे आठवले की बरे वाटते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे मूळ प्रत हरवल्यावर ते अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभे राहिले, आणि एकाच लीळेची वेगवेगळी स्मरणे पाठभेद म्हणून टिकून राहिली. कोणता पाठ खरा हे ठरवून बाकीचे फेकून देण्याऐवजी, अमुकाच्या स्मरणाप्रमाणे असे, तमुकाच्या स्मरणाप्रमाणे तसे, हे शेजारी शेजारी ठेवणे मला आजच्या कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आवृत्ती-नोंदीपेक्षा अधिक सुसंस्कृत वाटते. तेव्हापासून माझ्या दुसऱ्या फाइलीत समास रुंद ठेवला आहे, आणि त्यात म = मशीन, आ = आबा, सं = संपादक अशा खुणांनी कोणता पाठ कोणाचा हे लिहिलेले असते.

स्मरणाच्या चुकांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इटलीतले मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना तेर्नी या औद्योगिक शहरात असे आढळले की, लुइजी त्रास्तुल्ली या तरुण कामगाराचा १९४९ मधल्या निदर्शनात झालेला मृत्यू अनेक जण १९५३ मधल्या कामगारकपातीच्या लढ्याशी जोडून सांगतात. पोर्तेल्लींनी तारीख दुरुस्त करून विषय मिटवला नाही. ती चूक इतक्या जणांनी एकसारखी का केली, याचाच त्यांनी शोध घेतला. कथेला भाषा-मॉडेलच्या हाती देताना मला ही गोष्ट नेहमी आठवते, कारण ‘विसंगती दुरुस्त कर’ एवढे म्हटले की ते अशा सर्व जागा इस्त्री फिरवून सपाट करते. आबांच्या एका कथेत राजाचे वय सुरुवातीला ‘तीन बिसा’ म्हणजे ६० आहे आणि शेवटी तो तरुण आहे. मॉडेलने ते दोनदा दुरुस्त केले, मी दोनदा परत आणले. राज्य गेल्यावर तो तरुण होतो. आबांनी हे शब्दांत कुठेच सांगितलेले नाही.

आवाज कोणत्या सेवेकडे पाठवायचा आणि कोणत्या नाही, याविषयी थोडक्यात एवढेच: कथांचे ध्वनिमुद्रण मी घरच्या लॅपटॉपवरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरला देते, बाहेर पाठवत नाही, आणि हे आबांना विचारून ठरलेले आहे. मधल्या गप्पांत शेजारच्या लोकांची नावे येतात, ती दुसऱ्या फाइलीतूनही काढलेली आहेत.

आता शीर्षकातल्या पाण्याकडे येते. ही आबांची सर्वांत छोटी कथा, जेमतेम सात मिनिटांची. एका राजाने तळ्याभोवती भिंत घातली, खालच्या अंगाची माणसे तहानली, आणि एक म्हातारी रोज येऊन भिंतीशी बोलू लागली, एवढाच तिचा ऐवज. मधोमध एक वाक्य आहे: ‘पान्याला वाट न्हवती.’ मशीनने त्याचे केले, ‘पाण्याला वाटत नव्हते.’ ‘वाट’ आणि ‘नव्हती’ यांच्या मध्ये आबांच्या जिभेवर एक ओझरता ‘त’ आला असावा, तेवढ्याने कानाने ‘वाटत’ पकडले, आणि मग लेखनिकाने ‘नव्हती’ चे ‘नव्हते’ करून व्याकरण सांभाळले. धुतलेल्या चुकीचा याहून नेटका नमुना माझ्याकडे नाही. तिने स्वतःची पावलेसुद्धा पुसली होती.

आणि तरीही मी ते वाक्य पाहून थबकले. पाण्याला वाटत नव्हते. भिंत आहे म्हणून पाणी अडले नाही, त्याला जावेसेच वाटत नव्हते; म्हातारी रोज येऊन बोलते ती भिंतीशी नाही, पाण्याशी. कथा एका फटक्यात खोल गेली. हे सुचणे माझे नव्हते, आबांचे नव्हते, आणि मशीनचे होते असे म्हणावे तर त्याला काहीच ‘वाटत’ नव्हते. सर्जनशील संपादन म्हणतात ते हेच असेल, तर हे वाक्य ठेवायला काय हरकत होती? मी ते तिसऱ्या फाइलीत ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. शेवटी मूळ वाक्य परत बसवले, समासात ‘म’ अशी खूण करून मशीनचे वाक्य लिहिले, आणि पुढच्या भेटीत आबांना दोन्ही वाचून दाखवली.

आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘यंत्राला समजलं म्हनायचं.’ आणि हसले. मी विचारले, ‘मग कोणतं ठेवू?’ तर म्हणाले, ‘माझं ठेव. त्याचं मी बघतो.’

याचा अर्थ मला तीन महिन्यांनी कळला. खोलीत सात-आठ माणसे होती, आबांनी तळ्याची कथा काढली, मी फोन सुरू करून समोर ठेवला. ते म्हातारीपर्यंत आले, नेहमीच्या जागी थांबले, नेहमीपेक्षा थोडे जास्त थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘भित्त व्हती, खरं हाय. पर पान्याला वाटतच न्हवतं.’

रात्री ती फाइल मी सॉफ्टवेअरला दिली. त्याने लिहिले, ‘भिंत होती, खरे आहे. पण पाण्याला वाटच नव्हती.’